सिगिरीच्या भिंतीवरील प्रेक्षक

सिंहली वाङ्मयाच्या इतिहासात सिगिरीच्या भिंतीवरील पद्यांना जे स्थान दिले जाते, ते बहुधा कालक्रमाचे असते. दहाव्या शतकापर्यंतच्या सिंहली पद्याचा एवढा मोठा संग्रह दुसरीकडे उपलब्ध नाही, म्हणून त्यांचा आरंभी उल्लेख करावयाचा आणि लगेच ‘कव्सिळुमिण’सारख्या महाकाव्याकडे वळावयाचे, असा परिपाठ पडला आहे. उलट, श्रीलंकेस जाणारा सामान्य प्रवासी याच पद्यांची ओळख ‘प्राचीन प्रेमगीते’ म्हणून करून घेतो. या दोन्ही वाचनांत एक साधी गोष्ट निसटते. ही पद्ये कोणी घरी बसून रचलेली नाहीत; ती खडक चढून आलेल्या माणसांनी चित्रे पाहून त्याच जागी कोरलेली आहेत. प्रेक्षणीय स्थळाची भेट हा त्यांचा केवळ निमित्तप्रसंग नसून तीच त्यांची काव्यवस्तू आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्थळाची थोडी माहिती आवश्यक आहे. बेटाच्या मध्यभागी, कोरड्या प्रदेशातील सपाट रानातून हा खडक सुमारे 180 मीटर एकदम वर उठतो. ‘चूलवंसा’च्या कथनानुसार पित्यास, म्हणजे धातुसेनास, मारून राज्यावर बसलेल्या कश्यपाने (इ. स. 477 ते 495) अनुराधपूर सोडून येथे राजधानी केली. पायथ्याशी जलोद्याने, मध्यावर सिंहाच्या प्रचंड पंजांतून जाणारी वाट आणि माथ्यावर प्रासाद, अशी ती रचना होती. भाऊ मोग्गल्लान भारतातून सैन्य घेऊन परतल्यावर कश्यपाचा अंत झाला व हे स्थान भिक्षूंकडे गेले. चढणीच्या मध्यावर खडकाच्या कडेने जाणारी एक वीथी आहे. तिच्या बाहेरच्या अंगास चुन्याचा गिलावा घोटून आरशासारखी तुळतुळीत केलेली भिंत आहे, आणि वरच्या बाजूस, खडकाच्या खोबणीत, कमरेपासून खाली मेघांत लुप्त झालेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. आज त्यांतील वीसेकच उरल्या आहेत. वर चित्रे आणि हाताशी कोरी, गुळगुळीत भिंत, हा योग जुळल्यामुळेच हे वाङ्मय निर्माण झाले.

आठव्या ते दहाव्या शतकांतील अशी 685 पद्ये सेनरत परणवितान यांनी वाचून 1956 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. एकावर एक ओरखडे पडलेल्या त्या भिंतीवरून अक्षरे निवडून काढण्याचे त्यांचे काम कोणत्याही संपादकाने आदर्श मानावे असे आहे. पद्यकर्ते पुष्कळदा आपले नाव, गाव, हुद्दा किंवा कोणाची पत्नी ते सांगतात. त्यांत भिक्षू आहेत, सैनिक आहेत, राजसेवक आहेत आणि थोड्या का होईना, स्त्रियाही आहेत.

मराठी अभ्यासकास येथे ‘गाथासप्तशती’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे मुक्तक आहे, दोन्हीकडे लोकभाषेची जवळीक आहे. परंतु साम्य येथेच थांबते. गाथेतील बोलणारी व्यक्ती कविकल्पित असते. तिचे गाव आणि तिची नदी वाचकाने मनात उभी करावयाची असते. सिगिरीचा पद्यकर्ता ‘येथे’ म्हणतो तेव्हा ते ‘येथे’ त्याच्या पायाखाली असते. वारा, उंची, चढल्याचा शीण, वरून न बोलता पाहणारी ती सोनेरी वर्णाची स्त्री, यांचे वर्णन तो करीत नाही, तर केवळ निर्देश करतो. म्हणूनच निवडक पद्यांच्या संग्रहात ही पद्ये एकाएकी फिकी पडतात. दोष पद्यांचा नसून त्यांना भिंतीवरून उतरविण्याचा आहे.

साहित्यशास्त्राच्या दृष्टीने त्यांत एक गमतीचा पेच आहे. ज्या रतीला प्रतिसाद मिळण्याचा संभव नाही, ती आपल्या शास्त्रकारांच्या मते रसाभासाकडे जाते. आणि येथे तर आलंबनच रंगाचे आहे. चित्रातील स्त्री बोलत नाही, तिचे मन खडकाप्रमाणे कठीण आहे, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. पण तक्रार करणाऱ्यास हे सारे चित्र आहे याचा क्षणभरही विसर पडलेला नसतो. ज्या खडकावर ती रंगविली आहे, त्याच खडकाची उपमा तिच्या हृदयास देणारा माणस भाबडा नव्हे. रसाभास त्याच्या हातून घडत नाही. तो त्याच्याशी खेळतो. स्त्रियांच्या पद्यांत तर हा खेळ आणखी एक वळण घेतो: त्यांतील एका पद्यात चित्रांविषयीचा मत्सर आहे, आणि तो इतका मोकळा आहे की पुरुषांच्या विरहाची सारी मिजास त्यापुढे उतरते.

यांतील पुष्कळ पद्ये सामान्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. हंस, कमळ, दीर्घ नेत्र यांचा साठा संस्कृत परंपरेतूनच आलेला आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’वर आधारलेला ‘सियबसलकर’ हा सिंहली ग्रंथही साधारणपणे याच काळातला. पण मधूनच एखादे पद्य असे येते की तेथे पाठ केलेले शास्त्र संपते आणि डोळा सुरू होतो. एका पद्यात सोनेरी आणि निळसर अशा दोन स्त्रियांच्या वर्णांसाठी वेलीवरच्या दोन फुलांची जोडी योजिली आहे: एक दोडक्याचे पिवळे फूल, दुसरे गोकर्णीचे निळे. कमळ हे राजसभेतले फूल. दोडका परसातला, कुंपणावरचा. संस्कृत कवीने नायिकेस दोडक्याच्या फुलाची उपमा दिली असती असे वाटत नाही. हा माणूस घरची वेल मनात घेऊन खडक चढला, आणि राजाच्या चित्रास त्याने तिचे माप लावले.

चित्रांच्या अर्थाविषयी मात्र परणवितानांशी मतभेद नोंदविणे भाग आहे. कश्यपाने स्वतःस कुबेर मानून येथे अलका उभी केली, आणि या स्त्रिया म्हणजे मेघ व विद्युत् यांची मानवी रूपे, असा सिद्धान्त त्यांनी 1950 मध्ये मांडला. कालिदासाच्या वाचकास तो मोहक वाटणारच. परंतु ज्यांची पद्ये त्यांनीच एवढ्या परिश्रमाने वाचली, ते प्रेक्षक या स्त्रियांना कश्यपाच्या मागे राहिलेल्या त्याच्या राण्या समजत होते. चित्रकाराचा हेतू काय होता याचा हा पुरावा नव्हे, कारण मध्ये तीनशे वर्षे गेली होती. पण चित्रे कशी पाहिली गेली याचा हा पुरावा आहे, आणि तो सिद्धान्ताच्या सोयीसाठी बाजूस सारता येत नाही.

आज त्या भिंतीवर लिहिणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा. 1967 मध्ये वरच्या चित्रांवर रंग फासला गेला होता, हे विसरता येत नाही. 2015 मध्ये एका तरुणीने भिंतीवर आपले नाव कोरले. तिला दोन वर्षांची कैद झाली व पुढे राष्ट्राध्यक्षांनी क्षमा केली. हजार वर्षांपूर्वी नाव कोरणाऱ्याचे आपण संपादन करतो आणि आजच्यास कोठडीत घालतो, असा उपहास तेव्हा सहज सुचण्याजोगा होता. तो मला अपुरा वाटतो. आपल्या साष्टीत कान्हेरीच्या लेण्यांत 1009 व 1021 या वर्षी आलेल्या पारशी प्रेक्षकांनी पहलवी लिपीत आपली नावे व दिवस नोंदविले आहेत. इतिहासास ते लेख अमूल्य आहेत, पण त्यांत लेण्याविषयी काही नाही. कोण आले आणि केव्हा आले, एवढेच आहे. सिगिरीचा पद्यकर्ता नाव लिहितो, आणि मग आपण काय पाहिले ते छंदात बसवून सांगतो. नाव त्याच्या पद्याची प्रस्तावना असते. त्या तरुणीचा लेख पहिल्या जातीचा होता. तिच्या हातून भिंतीची हानी झाली, तरी आठशे वर्षांपूर्वी तिच्यासारखेच केवळ आपले नाव ठेवून गेलेले कितीतरी जण असतील, ज्यांची अक्षरे पुढच्यांच्या ओरखड्यांखाली गेली.