किर्लोस्कर मंडळी : गळा आणि नाटक

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मग्राम. १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून त्यांनी आपली मंडळी उभी केली. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. त्यातील पदांत साकी-दिंडीच्या जोडीला कानडी चालीही आल्या. द्वारकेचा कृष्ण आमच्या सीमाभागाच्या स्वरांत बोलू लागला, याचे अप्रूप आम्हांस आजही वाटते.

१८८५ साली अण्णासाहेब निवर्तले, १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले; तरी मंडळी तगली. कारण ‘सौभद्र’ आणि १८९९ सालचे देवलांचे ‘शारदा’ तिच्या हाती होते. पुढे १९०५ पासून बालगंधर्वांच्या गळ्याने तिला वैभव आणले. परंतु १९१३ साली ते बाहेर पडले. १९१८ साली मंगेशीचे दीनानाथही ‘बळवंत संगीत मंडळी’ काढून निघाले.

या फुटीचे खापर नटांवर फोडण्याचा मोह होतो. आम्हांस ते मान्य नाही. मंडळी नाटकापेक्षा गळ्यावर अधिक विसंबली, की गळ्याबरोबर तिचे भाग्यही दाराबाहेर जाते. मंडळी विराली, ‘सौभद्र’ मात्र गोमंतकातील देवळांच्या उत्सवांत अजून उभे राहते. आमच्या हौशी मंडळांनी एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले.