'पुनर्जनन' : एका पशुवैद्यकीय संज्ञेची चिकित्सा

जनावरांच्या दुखावलेल्या अथवा झिजलेल्या सांध्यांवर त्यांच्याच रक्तापासून सिद्ध केलेल्या द्रवाचा उपचार अलीकडे रूढ होत आहे. त्याविषयीच्या मराठी लेखनात 'पुनर्जननात्मक उपचार' ही संज्ञा योजिलेली आढळते. प्रस्तुत टिपणात उपचाराची नव्हे, तर या संज्ञेची चिकित्सा करावयाची आहे. पशुवैद्यकात रुग्ण मुका असतो, आणि त्याच्या वतीने संमती देणाऱ्या धन्यापाशी वैद्याच्या शब्दांवाचून दुसरे साधन नसते. म्हणून संज्ञेची शिथिलता हा येथे केवळ शैलीचा दोष राहत नाही.

उपचाराचे स्वरूप थोडक्यात असे : जनावराचे थोडे रक्त काढून ते केंद्रोत्सारक यंत्रात फिरवितात आणि ज्या भागात बिंबाणू एकवटतात तो वेगळा करून दुखऱ्या सांध्यात टोचतात. बिंबाणूंतून वृद्धिकारक प्रथिने स्रवतात व ती ऊतींच्या दुरुस्तीस साहाय्य करतात, ही यामागील उपपत्ती होय. १९९८ साली रॉबर्ट मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या अस्थिरोपणात या द्रवाचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे घोडे व कुत्रे यांच्या सांध्यांसाठीही तो वापरात आला.

प्रथम द्रवाचे नाव पाहू. मराठी विश्वकोशातील 'बिंबाणू' शालेय पुस्तकांत 'रक्तपट्टिका' होतात, तर वृत्तपत्रांत 'प्लेटलेट' म्हणून वावरतात. हे वैविध्य क्षम्य आहे. 'प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा' ही शब्दयोजना मात्र सदोष होय. 'युक्त' या पदाने केवळ अस्तित्व सूचित होते. बिंबाणू प्रत्येक रक्तात असतातच. उपचाराचे मर्म त्यांच्या आधिक्यात आहे. तेव्हा 'बिंबाणुबहुल रक्तद्रव' असेच म्हटले पाहिजे. 'रक्तद्रव' व 'रक्तरस' यांची अदलाबदलही अशीच घातक आहे. रक्त गोठू न देता पेशी वेगळ्या केल्यावर उरतो तो रक्तद्रव. रक्त गोठल्यावर सुटतो तो रक्तरस. घोड्यांच्या सांध्यांसाठी रक्तरसाचा एक निराळा उपचार आहे. त्यात रक्त काचेच्या मण्यांसह काही तास उबवितात आणि मिळालेला रक्तरस दाह शमविण्यासाठी टोचतात. शब्दांची गल्लत झाली की दोन उपचारांची गल्लत होते.

परंतु मुख्य आक्षेप 'पुनर्जनना'वर आहे. क्वचित त्याऐवजी 'पुनरुत्पादक' असाही शब्द येतो. जनावरांच्या संदर्भात तो थेट गाभण राहण्याशी व विण्याशी संबंध जोडतो, म्हणून तो तत्काळ त्याज्य ठरतो. 'पुनर्जनन' हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा उगवते, ते पुनर्जनन. झिजलेली कूर्चा या उपचाराने तशी उगवते काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २० कुत्र्यांची १२ आठवड्यांनंतर तपासणी झाली, तेव्हा उपचार झालेल्या कुत्र्यांचे लंगडणे व वेदना उणावल्याचे दिसले. मोजले गेले ते लंगडणे, दुखणे आणि पायावर पडणारा भार. नवी कूर्चा नव्हे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील २८८ माणसांच्या गुडघ्यांवरील चाचणीत वर्षाअखेर हा द्रव आणि साधे लवणजल यांत वेदनेच्या वा कूर्चेच्या बाबतीत लक्षणीय भेद आढळला नाही. माणसावरील निष्कर्ष कुत्र्यास जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तथापि संज्ञा ज्याचे वचन देते ते सिद्ध झालेले नाही, एवढे निश्चित.

यावर असे म्हटले जाईल की, संज्ञा हा तज्ज्ञांचा संकेत असतो; तिच्या व्युत्पत्तीत शिरू नये. तज्ज्ञांच्या वर्तुळापुरते हे मान्य करता येईल. पण यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावच्या कास्तकाराने तो संकेत केलेला नाही. त्याच्या कानी 'पुन्हा' आणि 'जनन' हे दोन्ही अवयव अर्थासह पडतात. त्याची स्वतःची बोली या बाबतीत किती काटेकोर आहे पाहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून बैलाची खांद 'शेकतात'. जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्यास आराम, एवढाच त्या क्रियापदाचा दावा आहे. 'दुखणं हल्याले, इंजेक्शन पखालीले' या म्हणीत 'औषधा'ची जागा 'इंजेक्शन'ने घेतली आहे. म्हणजे नव्या शब्दासही या बोलीत सहज स्थान मिळते. उपचार दुखण्याच्या जागी पोचला की नाही, हा म्हणीतला प्रश्न मात्र कायम आहे.

तात्पर्य, 'स्वरक्त-उपचार' ही संज्ञा स्वीकारावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती केलेली कृती सांगते, फळाची हमी देत नाही. धन्यास सांगावयाचे ते इतकेच : जनावराचेच रक्त काढून, त्यातला उपयोगी भाग वेगळा करून दुखऱ्या सांध्यात टोचतात, दुखणे कमी होण्याचा संभव आहे, झिजलेला सांधा नवा होईल असे सिद्ध झालेले नाही. एवढे ऐकून त्याने दिलेली संमती हीच खरी संमती होय.