किंचित वापरलेलं वाङ्मय

मराठीत समीक्षेची काही टंचाई नाही. कवितांपेक्षा कवितांवरचं लिखाण जास्त आहे अशी कवींची तक्रार असते, आणि समीक्षकांची बरोबर उलटी. पण जुना संगणक खोलून त्याचे सुटे भाग ओएलएक्ससारख्या ठिकाणी विकायला काढणारा माणूस ज्या चार ओळी लिहितो, त्यांच्याकडे अजून एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. मला साहित्यातलं काही कळत नाही, असं आमच्या सौ.चं मत आहे, आणि ती बी.ए. मराठी असल्यामुळे ते मत घरात अंतिम मानलं जातं. पण विकण्यासाठी लिहिलेल्या गद्यावर तरी वाणिज्यवाल्याचा हक्क असावा! रात्री जेवणं झाली की लोक मालिका पाहतात. मी मदरबोर्डांच्या जाहिराती वाचतो.

या वाङ्मयाचा आद्य ग्रंथ १९९५ सालचा. पिअर ओमिड्यार नावाच्या प्रोग्रॅमरने अमेरिकेत लिलावाची एक वेबसाइट काढली. तीच पुढे ईबे झाली. तिथे त्याने चाचणीदाखल आपला लेझर पॉइंटर विकायला ठेवला. पॉइंटर मोडका होता, आणि तो मोडका आहे असं त्याने स्वच्छ लिहिलंही होतं. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला! ओमिड्यारला वाटलं, गिऱ्हाइकाची काहीतरी गफलत होतेय. म्हणून त्याने विचारून घेतलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, ‘मी मोडके पॉइंटरच जमवतो.’ अशी ही सत्यवचनाने सुरू झालेली परंपरा. ईबेने २००४ साली आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली आणि २०१८ साली ईबेचं इथलं दुकान बंद झालं. मधल्या काळात ओएलएक्स आलं, क्विकर आलं, मागाहून फेसबुक मार्केटप्लेस आलं. परंपरा फोफावली. सत्यवचन मात्र वाटेत कुठल्या तरी स्टेशनावर उतरलं असावं.

आता शैलीचा विचार करू. या लेखकांचा सगळा भर विशेषणांवर. ‘लाइक न्यू’, ‘वन हँड यूज’, ‘अर्जंट सेल’. यातला ‘अर्जंट’ मी एका मॉनिटरच्या बाबतीत आठ महिने वाचतो आहे. सरकारी टपालावरच्या ‘तातडीचे’ या शिक्क्याशी त्याचं जवळचं नातं दिसतं. ‘एकही ओरखडा नाही’ हे वाक्य रॅमच्या वर्णनात हटकून येतं. अहो, रॅम कायम कॅबिनेटच्या पोटात बसलेली. तिला ओरखडा कोण काढणार? आतड्याला खरचटलेलं नाही असं सर्टिफिकेट डॉक्टरने द्यावं, तसलाच हा प्रकार.

संदिग्धता हा चांगल्या काव्याचा गुण मानतात. तो इथे भरपूर आढळतो. ‘आय-फाइव्ह गेमिंग पीसी, १५ हजार, फिक्स प्राइस.’ आता आय-फाइव्ह नावाचे प्रोसेसर २००९ सालापासून निघताहेत. नुसतं आय-फाइव्ह म्हणणं म्हणजे सदाशिव पेठेत उभं राहून ‘जोशी कुठे राहतात हो?’ असं विचारण्यासारखं आहे. कितव्या पिढीचा, ते सांगायला नको? दुसरी पिढी २०११ ची, आठवी २०१७ ची. मायक्रोसॉफ्टच्या नियमाने विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे त्या एका न लिहिलेल्या आकड्यावर घेणाऱ्याचे १५ हजार लटकलेले असतात. कवीने असा शब्द गाळला, तर रसिक आपल्या कल्पनेने भरून काढतो. इथे रसिकाला तो खिशातून भरून काढावा लागतो.

या वाङ्मयाला चित्रंही असतात. मदरबोर्ड बहुधा फुलाफुलांच्या चादरीवर निजवलेला असतो. मागे कुणाचा तरी पाय. फोटो चार, पण प्रोसेसर बसतो त्या सॉकेटाचा एकही नाही! इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटात ११५१ बारीक पिना असतात, नावातला आकडा तोच. एखादी वाकली, तरी बोर्ड रुसू शकतो. वधूपक्षाने पाठवलेल्या फोटोंत मुलगी सतत डावीकडेच पाहत असली, की आमची आई चष्मा पुसायला घेत असे. समीक्षकाची दृष्टी म्हणतात ती हीच.

मौनाचं सामर्थ्य पाहायचं असेल, तर ग्राफिक्स कार्डांकडे वळावं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, आणि ते ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस जुंपलेली कार्डं एका दिवसात बेकार झाली. त्यांतली पुष्कळशी जुन्या बाजारात आली. पण जाहिराती वाचाव्यात, तर एकाही कार्डाने कधी माती पाहिलेली नाही. प्रत्येक कार्डावर कुणाचा तरी मुलगा फक्त रविवारी, तोही गृहपाठ झाल्यावर, तासभर खेळत होता. वास्तविक खणणारं कार्ड म्हणजे टाकाऊच असं नाही. पंखा बदलून, थर्मल पेस्ट नवी लावून बरीच कार्डं उत्तम चालतात. पण मग तसं लिहावं की!

हार्ड डिस्क मात्र स्वतःचं आत्मचरित्र स्वतःच लिहीत असते. आपण एकूण किती तास चाललो, हे तिच्यात नोंदलेलं असतं आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकटच्या प्रोग्रॅमने ते दिसतं. वर्षाचे तास ८,७६०. ‘अगदी थोडी वापरलेली’ डिस्क ३५,०४० तास दाखवत असेल, तर ती चार वर्षं न झोपता चाललेली आहे. या आकड्यांचा फोटो म्हणजे आमच्याकडचं पासबुक. तो मागितला की लेखकमहाशय एकाएकी ‘बाहेरगावी’ जातात.

या प्रांतात निव्वळ कल्पित वाङ्मयही आहे. बदली झालेला फौजी ग्राफिक्स कार्ड न पाहताच घ्यायला तयार होतो आणि म्हणतो, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्याच्या कथेतलं हे एकच वाक्य तपासलं, तर बाकीची कथा वाचायची गरज पडत नाही.

इतकं मनावर का घ्यायचं, असं सौ. विचारते. तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्यांपर्यंत ते पोचलेलं नाही) गेलात, तर दुकानदाराला ‘लावून दाखव’ म्हणता येतं. जाहिरातीत हातात फक्त वाक्य असतं. बी.कॉम.ला आम्ही मालविक्रीचा १९३० चा कायदा घोकला होता. त्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. आमचे लेखक त्यावर कडी करतात. वर्णनच करत नाहीत! ‘माल मस्त आहे’ या वाक्याचा भंग कोणतं कोर्ट ठरवणार?

हा रोग अर्थशास्त्राला ठाऊक आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींवर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेलमागे तोच होता. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसलं की तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मग चांगल्या मालाचा धनी बाजारातून उठून जातो आणि उरतं ते उरतं. वाईट नाणं चांगल्याला हाकलतं, त्याच वळणाचं हे.

यात जातो कोण? तर मुलीला ॲनिमेशनच्या क्लासला घालून वर संगणक जोडून देणारा बाप. नवा झेपत नाही, म्हणून तो महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे घेऊन या चार ओळी वाचत बसलेला असतो. त्याच्यासाठी ही चैनीची खरेदी नसते.

म्हणून मला या प्रकारातली एकच कृती अभिजात वाटली. ‘मदरबोर्ड, २०१८ चा. रॅमचे दोन स्लॉट, त्यातला एक बंद. मागचा एक यूएसबी सैल. बिल आहे. घरी येऊन चालवून बघा. २२०० रुपये.’ एक विशेषण नाही! बंद स्लॉट हिशेबात धरूनच भाव लावलेला. मी ही जाहिरात सौ.ला वाचून दाखवली. तिलाही ती आवडली.

पहिल्या आठवड्यात २२०० चे २००० झाले. मग १८००. शेजारचा ‘लाइक न्यू, अर्जंट’ बोर्ड ३००० ला उचलला गेला. चौथ्या आठवड्यात आमच्या लेखकाने नवी आवृत्ती काढली: ‘मदरबोर्ड, फुल वर्किंग कंडिशन, २५०० रुपये.’ स्लॉटचं वाक्य गळलं होतं. दोन दिवसांत तो विकला गेला. एक चांगला लेखक असा गेला, आणि त्याला घालवला तो वाचकांनी.

घेणारा खरं वाचतो आणि लगेच म्हणतो, ‘स्लॉट बंद आहे ना, मग हजार घ्या.’ अहो, तो स्लॉट २२०० त आधीच वजा झालाय! सरकारने २०१७ साली संगणकावरचा आयकरातला घसारा ६० वरून ४० टक्क्यांवर आणला. विकणाऱ्याच्या मनातला घसारा शून्य आणि घेणाऱ्याच्या मनातला शंभर, हे मी समजू शकतो. पण एकच रक्कम दोनदा नावे टाकणं मला समजत नाही. आमच्या बँकेत त्याबद्दल मेमो मिळतो.

तेव्हा वाचकहो, ‘लास्ट प्राइस?’ हा प्रश्न करण्याआधी ‘यात काय बिघडलेलं आहे?’ असं विचारून पाहा. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर खुशाल घासाघीस करा. पण कुणी एखादा बंद स्लॉट आपण होऊन सांगितला, तर सांगितलेले पैसे मोजून द्या आणि तिथेच बसून बोर्ड चालवून घ्या. चहा विचारला तर तोही घ्या.