राजा गेल्यावरची रंगभूमी

सांगलीकर म्हणून ५ नोव्हेंबरला माझीही कॉलर ताठ होते. पण विष्णुदास भाव्यांची गोष्ट आपण १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’पाशीच आटोपतो, हे खटकतं. तो प्रयोग राजवाड्यातला, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाचा. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत, ग्रँट रोडच्या थिएटरात, त्यांनी तिकीट लावून खेळ केले. समोरचे प्रेक्षक राजाचे कुणी नव्हते, पैसे मोजून आले होते. माझ्या लेखी स्वतंत्र रंगभूमी सुरू होते ती इथे.

खेळाची बांधणीही पाहा. पदं तेवढी रचलेली, ती सूत्रधाराने गायची. गद्य भाषणं नटांनी आयत्या वेळी करायची. याला नाटकाचं कच्चेपण म्हणायची पद्धत आहे. मला त्यात फिरतीची सोय दिसते. (आमच्या धंद्यात याला ‘पोर्टेबल’ म्हणतात.)

गेल्या वर्षी आमच्या हौशी गटाचं नाटक नाट्यगृहाच्या भाड्यापाशी अडलं. शेवटी एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून, शंभर रुपये तिकीट लावून केलं. एकतीस जण आले. त्यातले पाच आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचे नव्हते.