सार्वजनिक ग्रंथालयांचे ऋतुचक्र : दिवाळी अंक योजना आणि संग्रहाचा विसर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरी सार्वजनिक ग्रंथालयांचे वर्ष पंचांगाप्रमाणे आखलेले असते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, मे महिन्यात व्याख्यानमाला व बालवाचकांची शिबिरे, १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. या उपक्रमांची छायाचित्रे वार्षिक अहवालात अग्रभागी असतात. संग्रहाविषयी मात्र त्याच अहवालात बहुधा एखादा आकडा दिलेला असतो. उपक्रम आणि संग्रह यांत पडलेल्या या अंतराचा विचार प्रस्तुत लेखात दिवाळी अंक योजनेच्या आधारे केला आहे. ही योजना ऋतुमानाशी बांधलेला उपक्रम आहे, तसेच ती ग्रंथालयात दरवर्षी येणारी मोठी साहित्यसामग्रीही आहे. म्हणून तिच्यात हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते.

नावातील हेतू

एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या या संस्थांच्या नावांतच दोन भिन्न हेतू दिसतात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (१८४०) किंवा पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) यांची आजची नावे वाचकाकडे पाहतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांची नावे ग्रंथाकडे पाहतात. ठाण्याच्या संस्थेच्या उभारणीत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वाङ्मयेतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला मराठीत छापले गेलेले एकत्र मिळावे, ही गरज त्यामागे दिसते. पुढे शं. ग. दाते यांची १८०० ते १९५० या कालखंडाची 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध झाली. अशी सूची शक्य होते ती कोणीतरी, कोठेतरी प्रती टिकवून ठेवल्या म्हणून.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला, परंतु ग्रंथालय कर बसविला नाही. अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. त्या वर्गवारीत ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे व नियतकालिके यांची मोजदाद होते. नियतकालिके किती घेतली हे विचारले जाते. त्यांतील किती राखली हा प्रश्न त्या मोजदादीत ठळक नाही. ग्रंथपालाचे लक्ष जेथे मोजमाप असते तेथेच जाणार, यात त्याचा दोष कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

दिवाळी अंक योजना

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा शंभर वर्षे ओलांडून चालू आहे आणि आजही दरवर्षी काही शेकडो अंक निघतात. इतके अंक विकत घेणे कोणाही कुटुंबाला शक्य नसल्याने ग्रंथालयाची योजना अपरिहार्य ठरली. नेहमीच्या वर्गणीहून वेगळे शुल्क भरायचे, एका वेळी एक किंवा दोन अंक न्यायचे आणि ठराविक मुदतीत बदलून आणायचे, अशी तिची साधी रीत आहे. एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारा वाचक या काळात येतो, आणि जमा होणाऱ्या शुल्काचा संस्थेला उपयोगही होतो. योजनेवर टीका करताना तिचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न योजना संपल्यावर उद्भवतो. मुदत बहुधा फेब्रुवारी-मार्चपर्यंत असते. त्यानंतर अंक सभासदांना अल्प किमतीत विकले जातात किंवा रद्दीत जातात. पुस्तकाची नोंद दाखलनोंदवहीत होते आणि ते बाद करावयाचे झाल्यास कार्यकारी मंडळाचा ठराव, बाद यादी असे सोपस्कार करावे लागतात. दिवाळी अंकांची नोंद बहुतेक ठिकाणी नियतकालिक म्हणून होते, त्यामुळे त्यांच्या जाण्याला असा अडथळा नाही. ज्या वस्तूचा मृत्यू नोंदवावा लागत नाही ती सहज मरते.

अंकांच्या टिकण्यातही एक विपरीत न्याय दिसतो. ज्या अंकाला मागणी अधिक तो अधिक हातांतून जातो. त्याचे मुखपृष्ठ सुटते, शब्दकोड्याचे पान फाडलेले असते, वार्षिक राशिभविष्य असलेल्या पानांच्या कडा मळून जातात. मार्चमध्ये सुस्थितीत उरतो तो कोणी फारसा न नेलेला अंक. म्हणजे एखाद्या ग्रंथालयाने उरलेले अंक बांधून ठेवण्याचे ठरविले, तरी त्या संग्रहावरून त्या वर्षी वाचकांनी काय वाचले याचे उलटे चित्र उभे राहील.

मराठी विभागात काम करणाऱ्या अध्यापकाला याची झळ लवकर लागते. मराठी कथेचा मोठा भाग प्रथम दिवाळी अंकांत छापला गेला आहे. संग्रहात समाविष्ट करताना लेखक शेवट बदलतो, शीर्षक बदलतो, एखादे पात्र गाळतो. पाठभेदाचा अभ्यास करावयाचा तर मूळ अंक हाती हवा. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा'सारख्या मासिकाची दखल अभ्यासकांनी आवर्जून घेतली. जिल्ह्याच्या गावी एखाद्या मंडळाने पाच-सात वर्षे काढलेल्या अंकाची दखल घेणारे कोणी नसते. त्यात नवोदित ग्रामीण किंवा दलित लेखकाची पहिली कथा असू शकते. शिवाय त्यातील जाहिराती आहेत. सहकारी बँका, लुगड्यांची दुकाने, आयुर्वेदीय काढे, छापखाने यांच्या या जाहिराती सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला अग्रलेखाहून अधिक सांगून जातात. पुस्तकरूपात त्यांपैकी काहीही येत नाही.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ठराविक राष्ट्रीय पातळीवरील ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक आहे आणि १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु एखाद-दोन वर्षेच निघणारे, स्थानिक संस्थांचे अंक या जाळ्यात सापडतीलच असे नाही. सापडले तरी ते मुंबई वा कोलकात्यात असणार. चंद्रपूरच्या अध्यापकाला चंद्रपुरात निघालेला अंक पाहण्यासाठी मुंबईचे तिकीट काढावे लागणे, ही रचना सोयीची म्हणता येणार नाही.

जतनाचा ऋतू

ग्रंथालयाचा खरा ऋतू कोणता, असा प्रश्न विचारल्यास उत्तर मे महिना असे द्यावे लागेल. मुंबई, ठाणे आणि कोकणात पावसाळ्यातील दमट हवा कागदाचा मोठा शत्रू आहे. लाकडी लगद्याचा स्वस्त कागद त्यातील आम्लामुळे मुळातच पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यावर बुरशी, कसर आणि वाळवी यांची भर पडते. खळीने चिकटविलेल्या बांधणीकडे किडे आकर्षित होतात. पावसापूर्वी कपाटे रिकामी करून झाडणे, भिंतीपासून सरकवणे, पुस्तकांना हवा देणे, गळती पाहणे ही कामे एप्रिल-मेमध्येच व्हावयास हवीत. डांबरगोळ्या टाकून ती टळत नाहीत. नेमक्या याच काळात मोजका कर्मचारीवर्ग व्याख्यानमालेच्या खुर्च्या, निमंत्रणपत्रिका आणि शिबिराच्या नोंदणीत गुंतलेला असतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा वारसा मोठा आहे, तो सोडावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र व्याख्यानमालेसाठी समिती नेमणाऱ्या मंडळाने कपाटांसाठीही एखादी समिती नेमली आहे, असे क्वचितच आढळते.

जागेची अडचण नेहमी पुढे केली जाते आणि शहरांत ती खरीही आहे. तिचे माप मात्र घेतले जात नाही. प्रत्येक शहराच्या मुख्य ग्रंथालयाने केवळ आपल्या जिल्ह्यात निघालेले अंक राखावयाचे ठरविले आणि ते वीस धरले, तर दीड सेंटिमीटर जाडीच्या हिशेबाने वर्षाला तीस सेंटिमीटर फळी लागते. दहा वर्षांत तीन मीटर, म्हणजे एका साध्या कपाटाच्या तीन-चार फळ्या. अट एवढीच की ही प्रत देवघेवीत जाऊ नये. ती आल्या दिवशीच वेगळी काढून दाखलनोंदवहीत चढवावी, म्हणजे ती बाद करावयाची झाल्यास ठराव करावा लागेल. रंगनाथन यांच्या पंचसूत्रीतील (१९३१) पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते आणि वेगळ्या ठेवलेल्या प्रतीविरुद्ध तेच पुढे केले जाईल. पण उपयोग करणारा वाचक चाळीस वर्षांनी येणारा असू शकतो, हे त्या सूत्राच्या कक्षेबाहेर नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयेही या विचारातून सुटत नाहीत. तेथेही दिवाळी अंक येतात, अध्यापक-कक्षात फिरतात आणि मार्चअखेरच्या साठा तपासणीपूर्वी दिसेनासे होतात. एम.फिल.च्या प्रबंधासाठी जुने अंक शोधत दादर आणि ठाण्याला गेलेल्या अध्यापकांची संख्या लहान नाही. परत आल्यावर आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे चालू वर्षाचा एक संच राखण्याची लेखी मागणी करणारे मात्र त्यांत थोडे आढळतील. ही मागणी अंक वाचकांच्या हाती जाण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत, व्हावी लागते.