भूमि, लोक आणि पेरणी : स्पेटकृत भरतखंडवर्णनाचें परीक्षण

ऑस्कर स्पेट (१९११–२०००) यांचा ‘इंडिया अँड पाकिस्तान’ हा ग्रंथ १९५४ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला, व लर्मंथ यांच्या सहकार्यानें सुधारलेली त्याची तिसरी आवृत्ति १९६७ सालीं निघाली. भरतखंडाच्या प्रादेशिक भूगोलावर एका हातानें लिहिलेला इतका विस्तृत व इतका वाचनीय ग्रंथ दुसरा नाहीं. तथापि भूगोलाचें पुस्तक म्हणून जुने कागद व पोथ्या जमविणारा वर्ग त्याकडे फारसा वळत नाहीं. त्यांतील मांडणीचा एक प्रश्न आपल्याच दप्तरांशीं व पोथ्यांशीं निगडित असल्यामुळें त्याचें परीक्षण या पृष्ठांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिला भूमीचा, दुसरा लोकांचा, तिसरा अर्थव्यवहाराचा. आणि चौथ्यांत प्रदेशवार वर्णन. हा चौथा भाग एकटाच सुमारें अर्धा ग्रंथ व्यापतो व तोच ग्रंथाचें खरें वैभव आहे. नदीचें खोरें, तेथील माती, विहिरी, बाजाराचा गांव व रेल्वेचा फांटा यांचें एकत्र चित्र रेखाटण्याची स्पेट यांची हातोटी विलक्षण आहे. इतिहासाच्या प्रकरणांतहि त्यांनीं एक मोलाची गोष्ट केली. रिचर्ड्स यांनीं १९३३ सालीं सुचविलेली कल्पना पुढें नेऊन, कांहीं प्रदेश वारंवार राज्यांचीं केंद्रें कां होतात व कांहीं कायम आडबाजूस कां राहतात, याची उपपत्ति त्यांनीं भूरचनेच्या आधारें मांडली. बेंडपुडी सुब्बाराव यांनीं ‘दि पर्सनॅलिटी ऑफ इंडिया’ या पुस्तकांत (१९५६, दुसरी आवृत्ति १९५८) हीच दृष्टि पुरातत्त्वास लावली. त्यानंतरच्या उत्खननांच्या वृत्तांतांवर या विचाराची छाप स्पष्ट दिसते.

आमचा आक्षेप क्रमाविषयीं आहे. आधीं भूमि, तीवर लोक, आणि मग शेती, असा जिना स्पेट यांनीं रचला आहे. (शाळांतून भूगोल घोकून घेण्याचा क्रमहि नेमका हाच, त्यांत आमचीं वर्षें गेलीं.) या क्रमामुळें शेती ही प्रदेशाचें कारण न राहतां केवळ कार्य होऊन बसते. पर्वतप्रदेश, सिंधु-गंगेचें मैदान व द्वीपकल्प ही त्यांची मुख्य विभागणी भूपृष्ठाच्या उंचसखलपणावर उभी आहे. पावसाचा किंवा पिकांचा विचार त्यांनीं केला नाहीं असें मुळींच नाहीं. तो विपुल आहे. पण सीमा आधीं आंखून झाल्यावर तो येतो.

याची अडचण आपल्या घराजवळच दिसते. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें ६००० मि.मी. पाऊस पडतो, आणि घाटाखालीं वाईस त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. खडक एकच, काळा पाषाण. नदीहि एकच, कृष्णा. तरीहि वर भाताचीं खाचरें व डोंगरउतारावरील वरकसांत नाचणी-वरी, आणि खालीं उतरून पूर्वेकडे चालूं लागावें तों ज्वारी, बाजरी, हरभरा. लोकांनीं या दोहोंस ‘मावळ’ व ‘देश’ अशीं वेगळीं नांवें दिलीं तीं उंची मोजून नव्हेत. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरें हीं नांवें पाहावींत. ओढ्यानदीचें पाणी, त्यावर पिकणारें भात, व त्या भातावरील वतन, या तिहींनीं मिळून एकेक खोरें हा प्रदेश झाला आहे. देशमुखीचा अंमल जेथें संपे तेथें बहुधा खोऱ्याचा पाणलोटहि संपे. पण केवळ पाणलोट दाखविणाऱ्या नकाशावरून देशमुखी कोणालाहि सांपडणार नाहीं.

आतां संस्कृत वाङ्मयाकडे वळूं. प्राचीनांचा भूगोल म्हणजे पुराणांतील भुवनकोश अशी समजूत रूढ आहे, आणि भुवनकोशाच्या पोथ्या आपण आदरानें जपतों. त्यांत जनपदांच्या याद्या दिशावार आहेत. परंतु कोणत्या जनपदांत काय पिकतें हें त्यांवरून कळत नाहीं. राजशेखराच्या काव्यमीमांसेंतील (बडोदें, १९१६) देशविभाग अधिक रेखीव आहे. माहिष्मतीपलीकडे दक्षिणापथ, पृथूदकापलीकडे उत्तरापथ, अशा सीमा सांगून तो नद्या, पर्वत व उत्पन्नहि देतो. पण हें उत्पन्न मुख्यतः सुगंधी द्रव्यें, कातडीं व वनस्पति यांचें. कवीस उपमेला लागेल तेवढाच माल तो उचलतो. कुणब्याचें धान्य त्याच्या यादीला जड झालें असावें.

खरा प्रादेशिक भूगोल वैद्यकांत व अर्थशास्त्रांत आहे. चरक-सुश्रुतांनीं देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद केले; त्यांत पाणी, झाडें, पशु व माणसाची प्रकृति यांचा एकत्र विचार आहे. झिमरमान यांनीं आपल्या फ्रेंच ग्रंथांत (१९८२) या त्रयीचा सखोल अभ्यास करून, कोरड्या, विरळ झाडीच्या देशाचें ‘जांगल’ हें नांव पुढें दाट अरण्यास कसें चिकटलें, हें दाखविलें आहे. आपल्या मराठी ‘जंगल’ शब्दाचीहि हीच उलथापालथ झाली.

कौटिल्य याहून पुढें जातो. कोठारापाशीं एक अरत्नि तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें तो सांगतो, आणि सीताध्यक्षाच्या प्रकरणांत देशवार प्रमाणें देतो : जांगलास सोळा द्रोण, आनूपास त्याच्या दीडपट, अश्मकास ‘अर्धत्रयोदश’, अवंतीस तेवीस, अपरांत व हिमप्रदेशास अमित. पावसाचा एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत आणि दोन तृतीयांश मधल्या दोहोंत पडावा, ही चांगल्या वर्षाची खूणहि तेथेंच आहे. या ठिकाणीं दोन सामासिक शब्द येतात : ‘देशवाप’ व ‘कुल्यावाप’. शामशास्त्री यांनीं आपल्या इंग्रजी भाषांतरांत (१९१५) पहिल्याचा अर्थ शेतीस योग्य असे देश असा केला, व दुसऱ्याला अमित पावसाच्या देशांच्या रांगेंत बसविलें. त्यामुळें जोडीच मोडली. ‘वाप’ म्हणजे पेरणी. एका देशाची पेरणी त्या त्या देशाच्या पावसावर, दुसऱ्याची पाटाच्या पाण्यावर, असा हा विरोध आहे, आणि तो लक्षांत घेतला तरच वाक्याला अर्थ येतो. येथें देशाचें लक्षणच पेरणीवरून केलेलें आहे. स्पेट यांच्या जिन्याची तिसरी पायरी कौटिल्यानें पहिली मानली आहे.

‘अर्धत्रयोदश’ या संख्येविषयींहि दोन शब्द लिहिणें भाग आहे. शामशास्त्री साडेतेरा म्हणतात. परंतु ‘अर्धतृतीय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. आपला ‘अडीच’ शब्द त्याचाच अपभ्रंश. त्याच न्यायानें ही संख्या साडेबारा होते. साडेबारा घ्या कीं साडेतेरा घ्या, अश्मक देश सामान्य जांगलाहूनहि कोरडा व अवंतीच्या जवळजवळ निम्म्या पावसाचा ठरतो, हें महत्त्वाचें. आतां अश्मकाचें स्थान कोणतें? पुष्कळ विद्वान् त्याची राजधानी तेलंगणांतील बोधन येथें नेतात. पण त्या निजामाबाद जिल्ह्याचें पर्जन्यमान १००० मि.मी.च्या घरांत आहे, म्हणजे उज्जैनच्या ९०० हून कमी तर नाहींच. उलट नगरचें (आतांचें अहिल्यानगर) ६०० च्या आंतबाहेर आहे. टीकाकार भट्टस्वामी अश्मक म्हणजे महाराष्ट्र असें सांगतो. दोन हजार वर्षांत पाऊस रेसभरहि बदलला नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं, द्रोणांचे मि.मी. करण्याच्या खटपटींतहि आम्हांस रस नाहीं. परंतु प्रदेशाप्रदेशांतील प्रमाण सहसा उलटें होत नाहीं, आणि तें भट्टस्वामीच्या बाजूस झुकतें. निदान या प्रकरणापुरता तरी कौटिल्याचा अश्मक पर्जन्यछायेंतील महाराष्ट्र होय, असें आमचें मत आहे.

याच पर्जन्यछायेंत, घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून केलेलें उत्खनन स्पेट यांच्या दोन्ही जुन्या आवृत्त्यांना उपलब्ध नव्हतें. तेथें ताम्रपाषाणयुगांतील शेतकरी मुख्यतः सातू पिकवीत, आणि पुराचें पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं पाट व बंधारा बांधला होता. सुमारें ५०० मि.मी. पावसाच्या भूमींत हें कुल्यावापच. मात्र इ. स. पूर्व १००० च्या सुमारास वस्ती खालावली, घरें लहान झालीं, लोक पशुपालनाकडे वळले. आणि त्याचें कारण हवामान कोरडें होत गेलें असें ढवळीकर यांनीं मांडलें. ही साक्ष स्पेट यांच्या बाजूची आहे व ती दडविण्याचें कारण नाहीं. पाट काढणाऱ्याचा हात कोठपर्यंत पोंचतो, ही मर्यादा शेवटीं भूमीच घालते.

परंतु ती मर्यादा किती लांबवितां येते याचें मोठें उदाहरण पंजाबांत आहे, आणि तें स्पेट यांनीं स्वतः पाहिलें होतें. रावी-चिनाबमधील ‘बार’ ही उंचवट्याची कोरडी भूमि गुरें चारणाऱ्या टोळ्यांची होती. त्या लोकांना ‘जांगली’ हेंच नांव होतें. १८९२ सालीं खालच्या चिनाब कालव्याचें पाणी सुटलें, अमृतसर, जालंदर इत्यादि जिल्ह्यांतून शेतकरी आणून वसविले गेले, आणि लायलपूर (आतांचें फैसलाबाद) हा गव्हाकापसाचा मुलूख झाला. भूमि तीच, तिची उंचीहि तीच. एका पिढींत जांगलाचा कुल्यावाप झाला आणि लोकहि बदलले. १९४७ च्या जुलै-ऑगस्टांत सीमा-आयोगाचें काम चाललें असतां स्पेट अहमदिया पंथाचे सल्लागार म्हणून लाहोरास होते. रेषा आंखली गेली ती धर्माच्या गणतीवर. माधोपूर व फिरोजपूर येथील पाण्याचीं मुखें एका बाजूस राहिलीं व त्यांवरील शेतें दुसऱ्या. १ एप्रिल १९४८ रोजीं पाणी अडविलें गेलें. १९ सप्टेंबर १९६० रोजीं सिंधूचा करार झाला. एप्रिल २०२५ मध्यें भारतानें तो स्थगित केला. पाटावर उभा राहिलेला प्रदेश मोडला म्हणजे काय होतें, हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्याच्याच ग्रंथांत शेतीस तिसरी पायरी मिळावी, याचें नवल वाटतें.

आपल्याकडेहि १८८५ सालीं सुरू झालेल्या निरा डाव्या कालव्यानें बारामतीकडील दुष्काळी मुलुखांत ऊंस आणला. पूर्वीचा मुलूख कसा होता हें जाणण्यास जुन्या गांवदप्तरांवांचून दुसरें साधन थोडें. जिराईत, बागाईत, पाटस्थळ, मोटस्थळ, वरकस हे त्यांतील शब्द म्हणजे मराठी देशवाप-कुल्यावापच. आणि ‘काळी’ व ‘पांढरी’ या जोडींत तर भूमि व लोक हे दोन्ही भाग मातीच्या रंगावरून सांगितले आहेत. पण दप्तर छापतांना आपण शिक्के, मित्या व वतनदारांचीं नांवें उतरून घेतों, आणि पिकांच्या व बिघ्यांच्या रकान्यांपुढें पुष्कळदां ‘पुढें नेहमींचा तपशील’ एवढेंच लिहून मोकळे होतों. हे रकाने पूर्ण छापले जावेत. महजरांत शिवेच्या खुणा सांगतांना ओढा, वड, बांध यांबरोबर पलीकडे कोणाचें भात व कोणाची ज्वारी याचाहि उल्लेख आला असेल, तर तो गाळूं नये. मूळ कागद वाळवीच्या स्वाधीन झाल्यावर ती नोंद पुन्हा मिळावयाची नाहीं.