वर्गनिर्णय आणि वर्गनिर्मिती

मानसशास्त्रीय संशोधनात 'वर्गीकरण' हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांसाठी योजिला जातो, आणि त्यातून केवळ शब्दांचा नव्हे, विचाराचाही घोटाळा उत्पन्न होतो. रोनाल्ड फिशर यांच्या १९३६ मधील विभेदक विश्लेषणात आयरिस फुलांच्या तीन जाती आधीच ठरलेल्या होत्या; प्रश्न होता तो चार मापांवरून त्या ओळखण्याचा. तेथे चूक पडताळता येते. जो वॉर्ड यांच्या १९६३ मधील श्रेणीबद्ध गटबांधणीची गोष्ट निराळी. तीत गटांतर्गत विचलन कमीत कमी वाढेल अशा दोन गटांची प्रत्येक पायरीवर सांगड घातली जाते. सामग्री कशीही असो, गट पडतातच! खिन्नतेच्या अखंड मापावरूनही ही रीत रुग्णांचे चार 'प्रकार' काढून देईल. मग नाव आहे म्हणजे वस्तूही असणारच, असे गृहीत धरले जाते (भाषाभ्यासकांना हा मोह परिचयाचा आहे), आणि ते नाव रुग्णाच्या कागदावर चढते. वर्ग मुळात आहे काय, हे आधी विचारले ते पॉल मील यांनी. त्यांच्या एका कसोटीत दोन लक्षणांमधील सहप्रचरण तिसऱ्या लक्षणाच्या चढत्या पट्ट्यांत मोजतात. खरोखर दोन वर्ग असतील, तर त्यांची सरमिसळ निम्मीनिम्मी होते तेथे ते शिगेला पोहोचते. माप अखंड असल्यास आलेख बहुधा सपाट राहतो.